नागपूरच्या उन्हाळ्यात टिकणारा घरचा स्टोरेज सर्व्हर

घरातल्या सगळ्या फायली एकाच ठिकाणी ठेवणारा आणि दिवसरात्र चालू राहणारा छोटा सर्व्हर तळहाताएवढ्या बोर्डावर उभा करता येतो, हे आता नवे राहिलेले नाही. त्याच्या कृती इंटरनेटवर मुबलक सापडतात आणि त्यांतल्या बहुतेक बरोबरही असतात. मात्र त्या लिहिणाऱ्यांच्या खोलीत मे महिन्याच्या दुपारी पारा चाळिशीकडे झुकलेला नसतो आणि वळवाच्या पहिल्या वाऱ्यासरशी त्यांची वीज जात नाही. नागपुरात असा सर्व्हर बारा महिने चालवायचा असेल, तर सॉफ्टवेअर हा कामाचा सर्वांत सोपा भाग ठरतो. जागा आणि वीज हे दोन प्रश्न आधी सोडवावे लागतात. ते सुटले नाहीत तर बाकीची मेहनत पाण्यात जाते. आमच्या घरी हा सर्व्हर रास्पबेरी पाय ४ या एका बोर्डावरच्या छोट्या संगणकावर चालतो. तो उभारताना या दोन प्रश्नांवर जी उत्तरे उपयोगी पडली, ती विदर्भातल्या कुणालाही कामी येतील असे वाटल्यामुळे सविस्तर लिहीत आहे.

साठवायचे काय, हे आधी स्पष्ट असलेले बरे. कारण डिस्क किती मोठी घ्यायची हे तर त्यावरून ठरतेच, पण ती किती जपायची हेही त्यावरूनच ठरते. आमच्याकडे काटोलजवळच्या संत्र्याच्या बागेचे जुने हस्तलिखित फेरफार, खरेदीखते आणि सातबाऱ्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती आहेत. दोन पिढ्यांच्या लग्नामुंजींचे व्हिडिओ आहेत, जे कॅसेटवरून सीडीवर आणि सीडीवरून हार्ड डिस्कवर येत राहिले. सासूबाईंच्या आवाजातली भुलाबाईची गाणी आहेत, जी त्या आपल्या थोरल्या बहिणीकडून शिकल्या आणि ज्यांतली काही मी अन्यत्र कुठेही ऐकलेली नाहीत. फोनमधले फोटो तर रोज वाढतातच. गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली आणि त्यानंतर चढवलेला प्रत्येक फोटो खात्याच्या मोफत १५ जीबीमध्ये मोजला जाऊ लागला. पैसे भरून क्लाउडवर जागा घेण्यात गैर काही नाही, आणि थोडी मी घेतलेलीही आहे. पण व्हिडिओंचा सगळा पसारा तिथे नेला तर ते भाडे कायमचे मागे लागते. बागेच्या कागदांची पूर्ण प्रत आपल्या घरात, आपल्या हाताशी असली पाहिजे, असे सासऱ्यांचे ठाम मत आहे आणि ते मला पटते.

बोर्डाच्या निवडीला फार वेळ लागत नाही. रास्पबेरी पाय ३ पर्यंतच्या बोर्डांवर नेटवर्क आणि यूएसबी यांची वाट एकच होती. अगदी ३ बी प्लसवरचे गिगाबिट म्हणवणारे पोर्टही आतून यूएसबी २.० ला जोडलेले असल्याने प्रत्यक्षात सेकंदाला ३०० मेगाबिटांच्या आसपास अडकत असे. जून २०१९ मध्ये आलेल्या पाय ४ ने ही अडचण दूर केली. त्यावर खरे गिगाबिट पोर्ट आणि दोन यूएसबी ३.० पोर्ट स्वतंत्रपणे मिळाले, आणि तेव्हापासून हा बोर्ड स्टोरेजसाठी गंभीरपणे वापरण्याजोगा झाला. फाइल शेअरिंगपुरती २ जीबी रॅम पुष्कळ होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेला पाय ५ अधिक वेगवान आहे, त्यावर पीसीआयई ही वेगवान डिस्कसाठीची जोडणीही आहे. परंतु त्याला ५ व्होल्ट ५ अँपिअरचा अडॅप्टर लागतो, त्याहून लहान अडॅप्टर लावल्यास यूएसबीला मिळणारा प्रवाह एकूण ६०० मिलिअँपिअरवर येतो, आणि तो तापतोही जास्त. गिगाबिटची कमाल मर्यादा सेकंदाला १२५ मेगाबाइट आहे आणि पाय ४ तिच्या जवळपास सहज पोहोचतो. आपल्या हवामानात कमी तापणारा बोर्ड हाच मला अधिक शहाणपणाचा पर्याय वाटला.

आता विजेविषयी. या छोट्या सर्व्हरच्या ज्या तक्रारी लोक सांगतात, म्हणजे डिस्क मध्येच नाहीशी होणे, कॉपी अर्धवट राहणे, बोर्डाची प्रणाली ज्यावर असते ते मेमरी कार्ड खराब होणे, त्यांतल्या बऱ्याच तक्रारींचे मूळ विजेत असते. पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअरचा अडॅप्टर लागतो, पण अधिकृत अडॅप्टर ५.१ व्होल्ट देतो, आणि त्या दशांश व्होल्टाला अर्थ आहे. बोर्डापाशी दाब ४.६३ व्होल्टांच्या खाली गेला की त्यावरचे मापन यंत्र धोक्याची नोंद करते. समजा, केबल लांब आणि पातळ आहे आणि तिच्या दोन्ही तारांचा मिळून रोध ०.१५ ओहम आहे. ३ अँपिअर वाहताना त्या केबलमध्येच ०.४५ व्होल्ट खर्च होतात आणि ५.१ मधून बोर्डाला ४.६५ उरतात. म्हणजे अडॅप्टर निर्दोष असूनही केवळ केबलमुळे आपण काठावर येतो. त्यात डिस्कची मोटर सुरू होण्याचा क्षण आला की तोल जातो. सीताबर्डीच्या बाजारातल्या दुकानांत फोनचा चार्जर 'तोच आहे, चालून जाईल' म्हणून पुढे केला जातो, तेव्हा नम्रपणे नकार द्यावा आणि केबल अडॅप्टरलाच जोडलेली असलेला संच मागावा.

बोर्डाला पुरेशी वीज मिळते की नाही हे तपासण्यासाठी टर्मिनलमध्ये 'व्हीसीजेनसीएमडी गेट थ्रॉटल्ड' (vcgencmd get_throttled) ही एक ओळ पुरते. उत्तर ०एक्स० आले तर सुरू झाल्यापासून एकदाही दाब पडलेला नाही. ०एक्स५०००० आले तर आत्ता सर्व ठीक असले तरी मागे कधीतरी दाब पडला होता आणि त्यापायी प्रोसेसरचा वेगही कमी करावा लागला होता, असा त्याचा अर्थ होतो. हा तपास रात्री, डिस्क निवांत असताना करून उपयोग नाही. मोठी कॉपी चालू असताना करावा.

दुसरी मर्यादा यूएसबी पोर्टांची. पाय ४ चे चारही पोर्ट मिळून १.२ अँपिअर देतात. एक पोर्टेबल डिस्क त्यावर चालते. दोन डिस्क एकदम फिरू लागल्या की मागणी या आकड्यापुढे जाते. म्हणून दोन डिस्क लावायच्या असतील तर स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब घेणे अपरिहार्य आहे. हब घेताना एक गोष्ट आवर्जून पाहावी. काही हब आपल्याकडची वीज उलट बोर्डाकडे ढकलतात, त्यामुळे बोर्डाचा अडॅप्टर काढला तरी त्यावरचा दिवा मंद जळत राहतो आणि बोर्ड धड बंदही होत नाही, धड चालतही नाही. दुकानात बोर्ड नेऊन, केवळ हब जोडून दिवा लागतो का हे पाहणे हा त्यावरचा सोपा उपाय आहे.

इन्व्हर्टर आपल्याकडे घरोघरी आहे, त्यामुळे वेगळा यूपीएस घेण्याची गरज बहुधा पडत नाही. अनेक इन्व्हर्टरांवर 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' अशा दोन स्थितींचे एक छोटे बटण असते. नॉर्मल स्थितीत तो वीज गेल्यावर बॅटरीवर यायला किंचित अधिक वेळ घेतो. पंख्याला आणि दिव्याला त्याचे काही वाटत नाही, संगणकाला वाटते. यूपीएस स्थितीत तो वेळ काही मिलिसेकंदांवर येतो. सर्व्हर, हब आणि राउटर हे तिन्ही इन्व्हर्टरच्याच लाइनवर असावेत, आणि त्या लाइनच्या अर्थिंगची एकदा वायरमनकडून खात्री करून घ्यावी. खर्चाची चिंता नको. बोर्ड व डिस्क मिळून सरासरी ८ वॅट धरले तर वर्षाला सुमारे ७० युनिट होतात. युनिटला १० रुपये धरले तरी वर्षाचे ७०० रुपये.

वीज गेल्यानंतरचा एक प्रश्न मात्र सहसा कुणी सांगत नाही. पाय ४ वर स्वतःचे घड्याळ नाही. तो सुरू झाल्यावर इंटरनेटवरून वेळ विचारून घेतो. रात्री वीज लांबली, इन्व्हर्टरही दमला, आणि पहाटे सगळे एकदम सुरू झाले, तर फायबरचा मोडेम जागेवर येईपर्यंत सर्व्हर केव्हाच उठलेला असतो आणि त्याच्या दृष्टीने वीज गेली तीच वेळ अजून चालू असते. त्या अवधीत बॅकअप सुरू झाला तर तो कालच्या तारखेच्या फोल्डरात जाऊन पडतो. यासाठी डीएस३२३१ नावाचे नाण्याएवढ्या सेलवर चालणारे घड्याळ-मॉड्यूल बोर्डाच्या पिनांवर बसवावे. ते स्वस्त असते आणि वेळ उत्तम राखते.

उष्णतेचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण तो पैसे टाकून पूर्ण सुटत नाही. पाय ४ सभोवतालच्या ५० अंशांपर्यंत चालावा अशी त्याची रचना आहे, आणि प्रोसेसर ८० अंशांवर गेला की तो आपला वेग आपोआप कमी करून स्वतःला सांभाळतो. डिस्कला अशी सोय नाही. काही पोर्टेबल डिस्कांच्या माहितीपत्रकात वापरासाठी सभोवतालचे तापमान ५ ते ३५ अंश असे छापलेले असते; आतल्या डिस्कसाठी कमाल मर्यादा सहसा ६० अंशांची असते. प्लॅस्टिकच्या बंद आवरणातली डिस्क सतत लिहीत असताना खोलीपेक्षा दहापंधरा अंशांनी सहज अधिक तापते. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, बाहेर पारा पंचेचाळीस ओलांडतो, घरात वरच्या मजल्यावर दुपारी चाळिशी गाठली जाते, आणि हिशेब पन्नासपंचावन्नवर जाऊन थांबतो. एका दुपारीने डिस्क जात नाही हे खरे, पण दर वर्षीचे दोनअडीच महिने असे गेले तर तिचे आयुष्य घटणार यात शंका नाही.

म्हणून जागेचा विचार. वरच्या मजल्याची खोली, जिन्याखालचे बंद कपाट आणि माळा या तिन्ही जागा लोकांना प्रथम सुचतात, कारण तिथे यंत्र नजरेआड राहते. नागपुरात या तिन्ही जागा वाईट आहेत. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि मध्यरात्र उलटून गेली तरी खालच्या खोलीत उष्णता सोडत राहतो. माळ्यावर तर गरम हवा साठूनच राहते. तळमजल्यावरची, बाहेरच्या कोणत्याही भिंतीला न लागलेली, घराच्या पोटातली खोली ही योग्य जागा. आमच्याकडे देवघरालगतची छोटी खोली अशी आहे. ती निवडतानाही २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट विसरता येत नव्हती, जेव्हा काही तासांच्या मुसळधार पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी फुगली आणि अनेक वस्त्यांमधल्या तळमजल्यांत झोपेतच पाणी शिरले. उन्हाळा सांगतो की यंत्र खाली ठेवा आणि पावसाळा सांगतो की वर ठेवा. दोघांचेही ऐकायचे तर तळमजल्यावरच, पण भिंतीला छातीच्या उंचीवर पक्की फळी ठोकून तिच्यावर सर्व्हर ठेवणे हाच मार्ग उरतो. विजेचे पॉइंटही त्याच उंचीवर घेतले आहेत, कारण जमिनीलगतचा एक्सटेन्शन बोर्ड भिजला तर वरची फळी कोरडी राहून उपयोग नाही.

कूलरचा विचार वेगळा करावा लागतो. एप्रिल ते मृगापर्यंत आपली घरे कूलरवरच तग धरतात आणि त्याच्या हवेने खोली बरीच निवते, म्हणून सर्व्हर कूलरसमोर ठेवण्याचा मोह होतो. ते टाळावे. त्या झोतात पाण्याचे सूक्ष्म कण असतात, आणि बोअरच्या पाण्यातले क्षार कूलरच्या ताट्यांवर जसे पांढरे पुटे धरतात तसेच ते सर्किटवरही बसू शकतात. सर्व्हर कूलरच्या झोतात नसावा, पण कूलरची हवा घरातून बाहेर पडण्याच्या वाटेवर असावा. तिथे गारवा पोहोचतो आणि तुषार पोहोचत नाहीत. बोर्डाला ॲल्युमिनियमचे आवरण घेतले, जे स्वतःच उष्णता बाहेर टाकते. डिस्क एकमेकींवर न रचता कडेवर उभ्या ठेवल्या आहेत, मध्ये दोन बोटे अंतर आहे आणि मागून एक संथ पंखा फिरतो. उन्हाळा लागण्यापूर्वी आणि दिवाळीच्या साफसफाईत मऊ ब्रशने धूळ काढली जाते. या व्यवस्थेत नवतप्याच्या दुपारी खोली सदतीस-अडतीस अंशांवर असताना प्रोसेसर साठीच्या आत आणि डिस्क सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसवर राहते.

कामाची वेळ बदलणे हा फुकटचा आणि सर्वांत परिणामकारक उपाय आहे. बॅकअप मध्यरात्री घेण्याची पद्धत सर्वत्र आहे, परंतु आपल्याकडे मध्यरात्री भिंती अजून गरमच असतात. दिवसाचे किमान तापमान सूर्योदयाच्या सुमारास असते, म्हणून आमचा बॅकअप पहाटे साडेचारला सुरू होतो. एप्रिल-मे महिन्यांत मोठे व्हिडिओ दुपारी चढवायचे नाहीत असा घरात दंडक आहे. शिवाय एक छोटी स्क्रिप्ट डिस्कचे तापमान 'स्मार्टसीटीएल' (smartctl) या डिस्कची तब्येत वाचणाऱ्या प्रोग्रामने दर दहा मिनिटांनी वाचते. ते ५२ च्या वर गेले की चालू कॉपी थांबवते आणि ५७ च्या वर गेले तर डिस्क नीट सोडवून सर्व्हर बंद करते. काही यूएसबी जोडण्यांमधून हे वाचन मिळत नाही. तेव्हा आज्ञेत 'डॅश डी सॅट' (-d sat) हा पर्याय जोडावा.

सॉफ्टवेअरचा भाग थोडक्यात सांगता येतो. रास्पबेरी पाय ओएसची डेस्कटॉप नसलेली लाइट आवृत्ती आणि तिच्यावर ओपनमीडियाव्हॉल्ट ही स्टोरेज सर्व्हरची प्रणाली. हे डेबियनवर आधारलेले आहे आणि त्याचा सगळा कारभार ब्राउझरमधून चालतो, त्यामुळे मी घरी नसताना घरातल्या इतरांनाही डिस्कची स्थिती पाहता येते किंवा सर्व्हर बंद करता येतो. फायली वाटण्याचे काम सांबा करते. सांबाची सुरुवात करणारे ऑस्ट्रेलियाचे अँड्र्यू ट्रिजेल यांनीच पुढे १९९६ मध्ये पॉल मॅकेरास यांच्यासोबत आरसिंक हा फायलींच्या प्रती घेणारा प्रोग्राम लिहिला. म्हणजे आपल्या घरच्या सर्व्हरवर रोज राबणाऱ्या दोन मुख्य प्रोग्रामांचा उगम एकाच माणसापाशी जातो. सांबा ज्या एसएमबी पद्धतीने फायली वाटते तिची पहिली आवृत्ती बंदच ठेवावी. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेला वॉनाक्राय हा खंडणी मागणारा प्रोग्राम तिच्यातल्याच त्रुटीवर स्वार होऊन आला होता. एखाद्या जुन्या टीव्हीच्या सोयीसाठी ते दार पुन्हा उघडू नये.

दोन डिस्कांचे रेड, म्हणजे दोन्हींवर एकाच वेळी तेच लिहिणारी जोडी, करावे का, हा प्रश्न हटकून विचारला जातो. घरासाठी माझे उत्तर नाही असे आहे. रेडमध्ये एका डिस्कवर पुसलेली फाइल त्याच क्षणी दुसरीवरही पुसली जाते, आणि आपल्या घरात डिस्क बिघडण्यापेक्षा फाइल चुकून पुसली जाण्याचा संभव अधिक असतो. त्यापेक्षा एक डिस्क वापरात ठेवावी आणि दुसरीवर आरसिंकने रोज प्रत घ्यावी. आरसिंकचा 'लिंक डेस्ट' हा पर्याय इथे फार उपयोगी पडतो. प्रत्येक तारखेचे फोल्डर उघडले तर सगळ्या फायली पूर्ण दिसतात, परंतु ज्या बदललेल्या नाहीत त्या आदल्या दिवसाच्याच फायलींना जोडलेल्या असतात, म्हणून जागा फक्त बदलापुरती लागते. सासूबाईंच्या हातून फोटोंचे एखादे फोल्डर नाहीसे झाले तर त्या फक्त विचारतात, "अगं, मंगळवारी तर होतं ना?" आणि मंगळवारच्या फोल्डरातून ते परत येते.

डिस्क जोडताना दोन खबरदाऱ्या घ्याव्यात. कोणती डिस्क कुठे जोडायची हे सांगणाऱ्या एफएसटॅब फायलीत डिस्कचे नाव न लिहिता तिचा यूयूआयडी हा कायमचा ओळख-क्रमांक लिहावा आणि 'नोफेल' हा पर्याय द्यावा, नाहीतर वीज आल्यावर डिस्क थोडी उशिरा फिरली तरी सर्व्हर अर्ध्यातच अडकून राहतो. दुसरी खबरदारी अधिक महत्त्वाची आहे. डिस्क जोडली गेली नाही तर तिच्या जागेचे रिकामे फोल्डर तसेच उरते, आणि बॅकअप निमूटपणे त्या फोल्डरात म्हणजेच छोट्याशा मेमरी कार्डावर जाऊ लागतो. कार्ड भरते आणि सर्व्हर बसतो. म्हणून डिस्क जोडण्यापूर्वी त्या रिकाम्या फोल्डरावर 'सीएचएटीटीआर प्लस आय' (chattr +i) ही आज्ञा चालवून ते कुलूपबंद करावे. मग डिस्क नसेल तेव्हा त्यात काहीच लिहिता येत नाही आणि बॅकअप मोठ्याने तक्रार करून थांबतो.

मराठीत फायलींना नावे देणाऱ्यांसाठी एक विषय थोडा विस्ताराने सांगितला पाहिजे, कारण तो इंग्रजी मार्गदर्शकांत येत नाही. सर्व्हरच्या डिस्कवरच्या ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमवर फाइलच्या नावाची मर्यादा २५५ बाइटांची आहे, अक्षरांची नव्हे. आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलंत ही सगळी स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. म्हणजे एका नावात फार तर ८५ चिन्हे बसतात. विंडोजच्या एनटीएफएसवर हीच मर्यादा २५५ चिन्हांची आहे, त्यामुळे 'आजीच्या पंचाहत्तरीनिमित्त रामटेकच्या गडमंदिरात झालेल्या अभिषेकाचे व सर्व नातेवाइकांच्या सामूहिक भोजनाचे छायाचित्र' हे नाव लॅपटॉपवर निर्वेध राहते आणि सर्व्हरवर कॉपी करताना नाव फार लांब असल्याची चूक येते. शेकडो फायलींच्या कॉपीत अशी एखादी मागे राहिली तर ती लक्षातही येत नाही. नावात तारीख, स्थळ आणि प्रसंग एवढेच ठेवावे आणि बाकीचे वर्णन त्याच फोल्डरात एका साध्या टेक्स्ट फायलीत लिहावे.

याहून नाजूक बाब 'वऱ्हाड' या फोल्डराची. हे नाव संगणकावर तीन तऱ्हांनी लिहिले जाते. 'ऱ' हे एकच चिन्ह वापरले तर एकूण सहा चिन्हे, १८ बाइट. 'र' आणि त्याखाली नुक्ता म्हणजे टिंब अशी दोन चिन्हे वापरली तर सात, २१ बाइट. जुन्या मॅकची एचएफएस प्लस फाइल सिस्टिम नावे अशीच फोडून ठेवते. तिसरी तऱ्हा 'र', हलंत आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह. पूर्वीच्या अनेक टंकलेखन-साधनांनी हीच रूढ केली होती. पडद्यावर तिन्ही सारखीच दिसतात, पण सर्व्हरच्या लेखी ती तीन वेगळी फोल्डरे आहेत, आणि लग्नाचे फोटो त्यांत विखुरले तर शोधताना एकच सापडते. 'कॉन्व्हएमव्ही' हा प्रोग्राम 'एनएफसी' पर्यायासह चालवला की दुसरी तऱ्हा पहिलीत बदलते. तिसरी मात्र त्याने बदलत नाही, कारण युनिकोडच्या नियमांत ती पहिल्या दोहोंशी समान मानलेली नाही. ती नावे एका छोट्या स्क्रिप्टने वेगळी शोधून बदलावी लागतात. 'दुसऱ्या', 'तिसऱ्या', 'पुऱ्या' असे शब्द आपल्या नावांत सतत येतात, म्हणून सर्व फायली सर्व्हरवर आल्याबरोबर हे काम उरकून घ्यावे.

नेटवर्कबद्दल एवढेच की बोर्ड राउटरला केबलनेच जोडावा आणि राउटरचे पोर्ट खरोखर गिगाबिट आहे का ते पाहावे. इंटरनेट देणारे जे राउटर बसवून जातात त्यांतल्या काहींची पोर्टे १०० मेगाबिटचीच असतात, आणि मग कोणतीही डिस्क लावा, सेकंदाला ११-१२ मेगाबाइटच्या पुढे गाडी जात नाही. बाहेरगावाहून घरच्या फायली पाहायच्या असतील तर राउटरवर पोर्ट उघडण्याच्या भानगडीत पडू नये. अनेक घरगुती जोडण्यांना आता स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता मिळतच नाही, पुष्कळ ग्राहक एका पत्त्यामागे असतात. आणि मिळत असला तरी सांबाचे पोर्ट इंटरनेटवर उघडे टाकणे धोक्याचे आहे. वायरगार्ड या सुरक्षित खासगी जोडणीवर चालणारे टेलस्केलसारखे साधन दोन्ही अडचणी टाळते.

घरातल्या दोन डिस्क एकाच फळीवर आहेत. आग, चोरी किंवा विजेचा लोळ यांपुढे त्या दोन नसून एकच आहेत असे धरले पाहिजे. म्हणून तिसरी डिस्क अमरावतीला नणंदेच्या कपाटात असते आणि दिवाळीला व उन्हाळ्याच्या सुटीत येण्याजाण्यात ताजी होते. ती फिरणारी हार्ड डिस्कच आहे. एसएसडी वीज न देता उकाड्यात महिनोन्महिने ठेवणे मला योग्य वाटत नाही, कारण तिच्यातला विद्युतभार उष्णतेत लवकर झिरपतो. या तिसऱ्या डिस्कवर तारखांची फोल्डरे नाहीत, फक्त अखेरची पूर्ण प्रत आहे, आणि ती मुद्दाम विंडोजलाही वाचता येणाऱ्या एक्सफॅट फाइल सिस्टिममध्ये ठेवली आहे. ईएक्सटी४ ची डिस्क विंडोजच्या लॅपटॉपला लावली तर तो ती फॉरमॅट करू का असे विचारतो, आणि त्या प्रश्नाला घाईत कुणी 'हो' म्हणू नये.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदवहीतल्या, तीन नोंदी पाहिल्या जातात. ५ क्रमांकाची नोंद बदललेल्या सेक्टरांची, १९७ ची वाचता न येणाऱ्या आणि निर्णय लांबणीवर पडलेल्या सेक्टरांची, आणि १९९ ची जोडणीतल्या चुकांची. १९९ वाढली तर आधी केबल बदलावी, डिस्क बहुधा ठीक असते. १९७ शून्यावरून हलली की नवी डिस्क मागवावी, जुनी आणखी किती चालते हे पाहत बसू नये. त्याच दिवशी कुठलीही एक फाइल बॅकअपमधून परत आणून उघडून पाहिली जाते. गेल्या खेपेस तो १९७० च्या दशकातला बागेचा एक फेरफार होता. सर्व्हर कसा बंद करायचा, कोणती डिस्क कशाची आहे, परवलीचा शब्द कुठे ठेवला आहे आणि कोणत्या प्रश्नाला 'नाही' म्हणायचे, हे सासऱ्यांच्या सांगण्यावरून एका कागदावर मराठीत लिहून सातबाऱ्याच्या फायलीत लावले आहे. "कागद वाचता येईल, ते यंत्र मला वाचता यायचं नाही," असे ते म्हणाले होते. त्या कागदाची एक प्रत अमरावतीच्या डिस्कसोबतही आहे.